नववीच्या वर्गानं कापलेलं माझं बोलणं

मॅडम आमच्या दारात पहिल्यांदा आल्या त्या फ्लेक्स मागायला. आमच्या कडब्याच्या गंजीवर वाढदिवसाचा एक मोठा फ्लेक्स टाकलेला होता, पावसानं कडबा भिजू नये म्हणून. आमच्या गावात निम्म्या गंजी पुढाऱ्यांच्या तोंडाखालीच झाकलेल्या असतात. मॅडम म्हणाल्या, बाबा, पाऊस सरला की हा मला द्याल का, मला याची मागची पांढरी बाजू हवी आहे. मी म्हणालो, मागं तर कायबी नसतंय. त्या म्हणाल्या, म्हणूनच हवी आहे.

मॅडम शाळेत इंग्रजी शिकवतात. अंबाजोगाईच्या आहेत, केजपर्यंत एसटीनं येतात आणि पुढं जीपनं. इंग्रजीच्या बाईला कडब्यावरचं कापड कशाला लागतं ते मला समजेना. माझी नात त्यांच्याच वर्गात, नववीला. तिला विचारलं तर म्हणाली, त्याच्यावर आम्ही तक्ते करतो आबा. मी म्हणालो, तक्ते दुकानात मिळतात. ती म्हणाली, हे फाटत नाहीत.

मी स्वतः दुसरीपर्यंत शिकलो. तरी पेपर वाचतो. बोट ठेवून का होईना, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. हे सुद्धा मीच लिहिलं आहे. काना-मात्रा नातीनं नीट केल्या, पण एक शब्द गाळायचा नाही असा तिला दम दिला आहे. तो कावून दिला ते पुढं कळेल.

पाऊस सरल्यावर फ्लेक्स दिला आणि त्याचं काय केलं ते बघायला एक दिवस शाळेत गेलो. आपली वस्तू दिली की तिची चौकशी करायची, ही माझी सवय आहे. वर्गात भिंतीवर तो टांगलेला होता. मागच्या बाजूनं इंग्रजी अक्षरं काढली होती, आणि खिडकीतून ऊन आलं की त्या अक्षरांच्या आतून पुढाऱ्याची मिशी दिसत होती. खाली दोरीला कायकाय लटकवलेलं. बियाण्याची रिकामी पिशवी, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचा कागद, पेपरातल्या जाहिराती, मोबाइलच्या दुकानाची पत्रकं. मला वाटलं भंगारवाल्याच्या गाड्यावरून आणलं.

मॅडम म्हणाल्या, पुस्तकात जे आहे ते मुलं पाठ करतात, आणि हे त्यांच्या घरचं आहे म्हणून हे ती वाचतात. बियाण्याच्या पिशवीवर एवढं मोठं कणीस असतं, ते बघून मुलांनी इंग्रजीत विचारायचं, हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, आणि काय सांगायचं टाळलंय. पेपर असो, टीव्ही असो, मोबाइल असो, सगळ्याला हेच विचारायचं.

"मंग पेपरात खोटं छापतेत व्हय मॅडम?" मी विचारलं.

"खोटं नसतं बाबा. निवडलेलं असतं."

निवडणं म्हणजे मला तुरीची डाळ निवडणं ठाऊक. खडे काढून टाकायचे, डाळ ठेवायची. त्यात विचारण्यासारखं काय आहे ते मला त्या दिवशी कळलं नाही. डोकं खाजवत घरी आलो.

घरात तेव्हा वेगळाच विषय चालू होता. माझा मुलगा आणि सून दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. आजवर नात आमच्यापाशी राहायची आणि शाळा करायची. या वर्षी अडचण झाली ती बाळाची. नातीच्या पाठीवर लई वर्षांनी झालेला तो नातू, नुकता चालायला लागलेला, अजून अंगावर पिणारा. त्याला इथं ठेवता येत नव्हतं. फडात आई ऊस तोडणार तेव्हा त्याला धरणार कोण? मुलगा म्हणाला, ताई येईल. नातीला घरात सगळे ताईच म्हणतात. चार महिन्यांचा तर सवाल आहे, नववीत कुणी नापास करत नाही, परत आली की दहावीत बसेल. टोळी नेणाऱ्या मुकादमाला त्यानं तसा शब्दही दिला होता.

मी नाही म्हणालो. फडावर गेलेली पोरगी दहावीला परत बसत नाही, हे मी आमच्याच भावकीत बघितलं आहे. ती परत येते तोवर घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू झालेली असतात. तिची शाळा राहते का जाते, एवढी एकच गोष्ट होती, आणि त्यावरून रोज जेवताना माझं आणि मुलाचं वाजायचं. माझी म्हातारी गुडघ्यानं अधू, ती फडावर जाऊ शकत नव्हती. ती भाकरी थापत दोघांचं ऐकायची.

त्यातच मॅडमनी वर्गाला काम दिलं. गावातलं एखादं म्हातारं माणूस गाठायचं, त्याच्या कामाबद्दल विचारायचं, मोबाइलवर ते धरायचं आणि खाली इंग्रजीत ओळी घालायच्या. पोरं माझ्याकडंच आली. साहजिक आहे. आमच्या ऊसतोडीच्या टोळीत माझ्याइतक्या मोळ्या बांधणारा गडी नव्हता, हे अजून लोक सांगतात. मी धुतलेलं धोतर नेसलो, पटका बांधला, गोठ्यासमोर बाजेवर बसलो. मॅडम स्वतः आल्या होत्या. त्यांनी विचारलं, बाबा, चालेल ना, वर्गातच दाखवू, दोन गट दोन तऱ्हेनं करतील. मी म्हणालो, करा. मला वाटलं, एक प्रत शाळेला आणि एक आम्हाला.

मोबाइल नातीनं धरला होता. मी पुष्कळ बोललो. बैलगाडीनं फडाला जायचो ते सांगितलं, थंडीत उसाच्या पाचटावर निजायचो ते सांगितलं. मध्ये शेळी येऊन पटक्याचं टोक चघळायला लागली, तिला हाकललं. मग शाळेचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी दुसरीतून शाळा सोडली, बापासंगं फडात गेलो, माझं काय बिघडलं? घर बांधलं, दोन पोरी नांदायला लावल्या. पण तवा दुसरं काय होतं? आता शाळा दारात आहे. माझ्या नातीनं कोयत्याला हात लावायचा नाही. हे मी मुलाला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणालो. तो गोठ्यात होता असा माझा अंदाज होता, पण तो केजला गेलता.

पुढं एका शनिवारी सकाळी शाळेत बोलावणं आलं. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला मोठा टीव्ही वर्गात आहे, त्यावर दाखवणार होते. आधी एका गटाचं लागलं. काय सांगू, मी एखाद्या मंत्र्यासारखा दिसत होतो. मागं बासरी वाजत होती. थंडी, पाचट, बैल, आणि शेवटी, माझ्या नातीनं कोयत्याला हात लावायचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हनुवटीखाली इंग्रजी पळत होतं, मी काय बोललो ते मलाच वाचता येत नव्हतं, पण चांगलंच असणार.

मग दुसरं लागलं. त्यातही मीच, तीच बाज, तोच पटका. मी म्हणतो, दुसरीतून शाळा सोडली, फडात गेलो, माझं काय बिघडलं? आणि तिथं मी हसतो. मग शाळेचं फाटक दिसतं, दप्तरं घेऊन पोरं आत चाललेली, आणि लगेच मी हात झाडून ओरडतो, निघ हितनं, सारखं मधी मधी येतंय.

वर्ग फुटला हसून. सगळे हसले म्हणून आधी मीही हसलो. मग ध्यानात आलं आणि उभा राहिलो.

"मी शेळीला बोललोवतो," मी म्हणालो.

त्यावर तर आणखी हसले.

मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं आणि पोरांना विचारलं, यात खोटं कोणतं? पोरं म्हणाली, कोणतंच नाही. मॅडम म्हणाल्या, मग बाबा यातले कोणते? पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली, जणू ते मी सांगणार होतो. मला तरी काय माहीत. शब्द सगळे माझे होते, तोंड माझं होतं. मी खाली बसलो. मग मॅडमनी दुसरा गट उभा केला, तर त्यात पहिली उभी राहिली माझी नात. तिला शाबासकी मिळाली. कापायचं काम सगळं तिनंच केलं होतं.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, तू कापलं मला? ती म्हणाली, चिठ्ठ्या टाकल्या होत्या आबा, एका गटानं चांगले दाखवायचे आणि एकानं वाईट, आम्हाला वाईट निघालं.

"कापायला काय लागतं त्याला?"

"दोन बोटं लागतेत," ती म्हणाली आणि हवेत चिमट करून दाखवली.

मला राग यायला हवा होता. पण पोरगी एवढं शिकली याचा आत कुठंतरी अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम आलं की माणसानं तोंड कसं करायचं ते मला कळत नाही. मी जेवलो नाही एवढं खरं.

वर्गातलं वर्गात राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण एका पोराच्या थोरल्या भावानं ते दुसरं चित्र गावाच्या ग्रुपवर टाकलं. चांगलं कुणी टाकलं नाही. संध्याकाळी हॉटेलावर गेलो तर माझा जुना जोडीदार, माझ्याबरोबर ऊस तोडलेला, बाकड्यावर सरकून जागा करत म्हणाला, "ये बे, शाळेला कुलूप लावून आलास का?" मी म्हणालो, शेळी होती ती. तो म्हणाला, व्हय, फोटोत दिसली ना, दप्तर घेऊन चाललेली. हे मी सहन केलं. त्याचं आयुष्यभर सहन केलं आहे.

पण मुलानं ते मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसून बघितलं. मुकादमानंच दाखवलं. घरी आला आणि मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"गावाम्होरं एक आन घरात एक व्हय आबा? तुमीच म्हणायलाव, माझं काय बिघडलं. मंग हिचं काय बिघडतंय?"

मी म्हणालो, हे सगळं नाही, पुढं आणखी आहे. तो म्हणाला, हे तोंड तुमचं हाय का न्हाई? मी म्हणालो, हाय. आवाज? आवाजही माझाच. मग? शेळीचं सांगायचं पुन्हा जिवावर आलं. नात कोपऱ्यातून म्हणाली, ते मी केलंय. तिचा बाप म्हणाला, तू केलंय, पण त्यात बोललं कोण? तिचा चेहरा बघवत नव्हता. स्वतःच्या दोन बोटांनी तिनं काय करून ठेवलं ते तिला कळलं होतं.

सोमवारी काठी घेऊन शाळेत गेलो. मॅडमना म्हणालो, माझं बोलणं मला परत द्या. ते ग्रुपवर गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. ऐकून त्या खाली बसल्या. म्हणाल्या, चूक माझी आहे बाबा, वर्गाबाहेर जाणार नाही असं मी धरून चालले. मी लई बोलायचं ठरवून गेलो होतो, पण समोरच्यानं आधीच चूक कबूल केली की माझी पंचाईत होते. मी काठी भिंतीला लावली.

त्या म्हणाल्या, न कापलेलं सगळं आमच्याकडं आहे, ते घेऊन जा आणि मुलाला दाखवा. मी म्हणालो, आधी मला दाखवा. मधली सुट्टी होती. रिकाम्या वर्गात टीव्ही लावला. नात डबा अर्धा टाकून आली आणि मागच्या बाकावर बसली.

ते लई लांबडं होतं. मी खोकतो, माशी हाकलतो, एकच गोष्ट दोनदा सांगतो. शेळी आली, तेव्हा मी मॅडमकडं बघितलं, त्यांनी मान हलवली. मग माझं काय बिघडलं, आणि त्याला लागूनच, पण तवा दुसरं काय होतं. आणि मग, माझ्या नातीनं कोयत्याला हात लावायचा नाही. मी म्हणालो, बस, थांबवा, एवढंच द्या मला.

"पुढं बी हाय आबा," नात मागून म्हणाली.

मॅडमनी थांबवलं नाही. टीव्हीत मी तसाच बसलेलो होतो. मोबाइलच्या मागून नातीचा आवाज आला.

"आबा, मंग बाळाला फडात कोण सांभाळील?"

टीव्हीतल्या माझ्यानं गोठ्याकडं बघितलं. गुडघ्यावर हात फिरवला. पटका नीट होता तो पुन्हा नीट केला. बऱ्याच वेळानं मी म्हणालो, ए, चहा टाका की कुणीतरी, पोरं आलीत. आणि चित्र संपलं.

मला हे आठवतच नव्हतं. आजही आठवत नाही. चहा झाला होता हे आठवतं, गवती चहा घातलेला, पण नातीनं असं काही विचारलं होतं हे डोक्यात कुठंच नाही. मला वाटलं, हेही जोडलेलं असेल. मी मॅडमना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, नाही बाबा, याला कुणी हात लावलेला नाही. मग त्यांनी नातीला विचारलं, हे कुठल्याच गटानं का घेतलं नाही?

ती म्हणाली, "त्यात आबा कायच बोलले न्हाईत. ते चांगल्यात बी बसंना आन वाईटात बी बसंना."

मॅडम ते मोबाइलमध्ये घालून द्यायला तयार होत्या. मी नको म्हणालो. कावून नको म्हणालो ते नीट सांगता येत नाही. मुलाला दाखवायचं तर शेवटपर्यंत दाखवावं लागलं असतं, आणि मध्येच थांबवलं असतं तर मीही तेच केलं असतं जे पोरांनी केलं. असं काहीतरी वाटलं. पण तेही आता लिहिताना सुचतंय, तेव्हा फक्त काठी घेतली आणि निघालो. रस्ताभर एवढंच आठवत होतो, की पोरगी विचारत होती तेव्हा मी गोठ्यात काय बघत होतो. गोठ्यात त्या वेळी एक शेळी सोडली तर कुणी नव्हतं.

रात्री जेवताना मी म्हणालो, बाळाला मी सांभाळतो, मी येतो फडावर.

मुलगा हसला. त्याला वाटलं मी अजून भांडतोय. ऊसतोड सोडली त्या दिवशी मीच सगळ्यांसमोर बोललो होतो, आता या फडात माझा पाय दिसला तर विचारा. आणि फडावर बाळ धरून बसणं हे पोरीबाळींचं काम, कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दारात झोळी हलवायची, पाणी आणायचं. टोळीतला एक नंबरचा गडी तिथं बसला तर लोक काय म्हणतील ते मलाही कळत होतं. म्हातारी म्हणाली, बायकापोरींत बसून राहताल दिवसभर? मी म्हणालो, बसंन.

आमची सून लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी थेट बोललेली नाही. काही सांगायचं असेल तर नातीकरवी सांगते. त्या रात्री ती चुलीपासून बोलली.

"आबा, ते रडायलं की कुणाचं ऐकत न्हाई. जमंल का तुमाला?"

"जमंल का न्हाई ते मला बी ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "पर ताई हितंच ऱ्हाईल."

मुलगा हो म्हणाला नाही. हात धुऊन बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी मुकादमाकडून कळलं, की आमच्या कोयत्याबरोबर म्हातारं येतंय असं मुलानं सांगितलं आहे.

दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो. निघताना नात गणवेशात होती, तिची शाळा भरायची वेळ झाली होती. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा दुसऱ्या टोळीतल्या ओळखीच्या माणसांनी विचारलं, मामा, तुमी कुणीकडं? मी म्हणालो, फिरायला. बाळ माझ्या पटक्याशी खेळत होतं. त्यांनी बाळाकडं बघितलं आणि आणखी विचारलं नाही.

फडावर पहिल्या दिवशी अंधारातच कोयते गेले. कोप्यांच्या रांगेत मी उरलो, आणि पोरी उरल्या. प्रत्येकीच्या कडेवर कुणाचं ना कुणाचं पोर. आधी त्या लांबून बघत होत्या. आमचं बाळ उठलं आणि रडायला लागलं. मी त्याला उचललं, फिरवलं, ऊस दाखवला, ट्रॅक्टर दाखवला. ऐकेना. एक पोरगी जवळ आली, नातीएवढीच असेल. म्हणाली, त्याला पालथं घ्या खांद्यावर. तसं घेतलं तर जरा गप्प झालं. मग तिनं विचारलं, तुमच्या घरात पोरगी न्हाई का कुणी? मी म्हणालो, आहे, नात आहे, ती गावाकडं शाळेत आहे, नववीला.

"मी बी नववीलाच हाय," ती म्हणाली.

मॅडमसारखं माणूस तिथं असतं तर काहीतरी नीट बोललं असतं. मी म्हणालो, आण तुझं बी इकडं. तिच्या कडेवरचं पोर माझ्या दुसऱ्या खांद्यावर घेतलं. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना, मग घागर घेऊन पाण्याला गेली.